ल कॉर्बुझिए आज असता तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

विसाव्या शतकातला आधुनिक वास्तुकार ल कॉर्बुझिए आज काम करत असता तर त्याने काय बांधलं असतं, हा तुझा प्रश्न डोक्यातून जातच नाही. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच पांढरे ठोकळे येतात, फक्त काच जास्त आणि भिंती संगणकावर वळवलेल्या. मला हे पटत नाही. आकारांतून त्याला शोधू नकोस, तो हाती लागायचा नाही.

१९२०च्या दशकात त्याच्यापुढे आरसीसी, म्हणजे लोखंडी सळयांचं काँक्रीट, होतं. सांगाडा उभा राहिला की भिंतींवर भार उरत नाही. मग भिंत हवी तिथे घ्या, खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या, घर खांबांवर उचला, गच्चीवर बाग करा. पॅरिसजवळचं व्हिला साव्हॉय (१९३१) याच विचारातून आलं. आज त्याच्यापुढे काय असतं? माझ्या मते, कार्बनचा हिशेब. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. ज्या काँक्रीटवर त्याची कीर्ती उभी आहे, तेच आता जपून वापरायचं!

तो हे पेलू शकला असता, असं मी ठामपणे म्हणते, आणि त्याला कारण आहे. पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेसाठी त्याने बांधलेलं 'सिते द रफ्यूज' हे बेघरांचं आश्रयस्थान (१९३३) आठव. दक्षिणेकडे सबंध काचेची, न उघडणारी भिंत. बेत असा होता की काच दुहेरी असेल आणि आतली हवा यंत्रं सांभाळतील. पैशांअभावी दुसरी काच आणि हवा थंड करण्याची यंत्रणा दोन्ही गळली, आणि उन्हाळ्यात आतली माणसं भाजून निघाली. शेवटी उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि युद्धानंतर त्या भिंतीला उन्हासाठी आडोसे आले. पुढे अहमदाबादच्या गिरणीमालक संघाच्या इमारतीत (१९५४) बघ, पश्चिमेचे काँक्रीटचे आडोसे तिरके आहेत: उतरतं ऊन अडतं, वारा आत येतो. पूर्वेकडे नदी आहे, तिथले आडोसे सरळ. दिशा बदलली, तशी भिंत बदलली.

आज जगभर उभे राहणारे काचेचे मनोरे पाहिले की मला वाईट वाटतं. १९३३ची ती चूक आपण एसीच्या जोरावर रोज करतो आहोत, आणि त्यालाच आधुनिक म्हणतो. आज वर्षातल्या प्रत्येक तासाचं ऊन संगणकावर आधीच पाहता येतं. हे साधन त्याला मिळालं असतं तर त्याच्या इमारतीच्या चारही बाजू वेगळ्या दिसल्या असत्या. लाकूडही त्याने घेतलं असतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याने स्वतःसाठी बांधलेली झोपडी लाकडाचीच आहे, ३.६६ बाय ३.६६ मीटर, आणि तेवढ्यात झोपणं, लिहिणं, हात धुणं सगळं बसवलेलं!

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. १९२५मध्ये याच माणसाने पॅरिसचा मधला भाग पाडून तिथे साठ-साठ मजल्यांचे अठरा मनोरे सुचवले होते. जुनं पुसून नवं मांडायची ती ओढ आज गेली असती का? फ्रान्समधल्या बोर्दो शहरात लाकातों आणि व्हासाल या आजच्या वास्तुकारांनी ५३० घरांच्या जुन्या इमारती पाडल्या नाहीत. रहिवाशांना बाहेर न काढता प्रत्येक घराला बाहेरून काचेची खोली आणि सज्जा जोडला. मला तरी आजची सर्वांत आधुनिक वास्तुकला तीच वाटते. त्याच शहराच्या कडेला, पेसाकला, कॉर्बुझिएची १९२०च्या दशकातली घरं आहेत. लोकांनी तिथल्या लांब खिडक्या बुजवल्या, गच्चीवर उतरती छपरं चढवली. लोकांच्या या फेरफारांना त्याने आपल्या नकाशात आधीपासूनच जागा ठेवली असती, तर मी त्याला आजचा म्हटलं असतं. ऊन तो शिकला. हे शिकला असता की नाही, याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे झुकतं. तुला काय वाटतं, ते सविस्तर लिही.

तुझी मैत्रीण