गाडीची चावी सोमवारपर्यंत आईकडे राहू दे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणेश चवथीहून पुण्याला परतल्यापासून गाडीचाच विचार मनात आहे. तुम्हाला न विचारता निर्णय घेतला, म्हणून आधी क्षमा मागते. साखळी गावच्या गॅरेजवाल्याशी मी बोलले आहे. सोमवारी सकाळी तो गाडी टोचन लावून नेईल.

बाबा, गाडी तापते ती केवळ वय झाले म्हणून नव्हे. माझा संशय हेड गॅस्केटवर आहे. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये बसणारी ती पातळ गॅस्केट सिलिंडरातला दाब, कूलंट (म्हणजे रेडिएटरमधले इंजिन गार ठेवणारे पाणी) आणि ऑईल यांना वेगळे ठेवते. ती जळली की ही तिन्ही एकमेकांत शिरतात. तुम्ही दर दोन दिवसांनी बाटलीभर पाणी ओतता, पण अंगणात गाडीखाली थेंबही दिसत नाही, म्हणजे पाणी इंजिनाच्या आतच जात असावे. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ निघतेच, पण ती लवकर विरते. त्या दिवशीचा दाट पांढरा धूर इंजिन पुरते तापल्यावरही थांबला नाही आणि त्याला गोडसर वास होता. दुसऱ्या दिवशी गार इंजिनाचे ऑईलचे झाकण उघडले, तर आत लोण्यासारखा फिकट थर. आपल्या दमट हवेत गाडी नुसती बाजारापर्यंत जात असेल तर असा थर ओलाव्यानेही धरतो, म्हणून ऑईल मोजायची पट्टी, डिपस्टिक, हीही ओढून पाहिली. तिच्यावरचे ऑईल दूध घातलेल्या कॉफीसारखे होते. त्यानंतर मला स्वस्थ बसवेना.

लहानपणी अनमोड घाटात तापमानाचा काटा जरा वर सरकला की तुम्हीच गाडी बाजूला घेत होता, आणि इंजिन निवेपर्यंत आई मला डब्यातला शिरा भरवत असे. ती काळजी मी तुमच्याकडूनच शिकले. तुमच्या चालवण्यात काही दोष आहे, असे कृपया मनात आणू नका.

बुधवारी बेळगावला डोळ्यांच्या तपासणीसाठी टॅक्सी ठरवली आहे, पैसेही दिले आहेत. आईच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. गुरुवारी दत्तमंदिरात जायला शेजारचा रिक्षावाला दारात येईल.

आता मात्र ऐका. तोवर गाडी चालू करू नका, ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणूनही नाही. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाने उसळून हात भाजतो. तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी ओतू नका, त्याने हेडला तडा जाऊ शकतो. गॅरेजवाल्याला मी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तपासायला आणि रेडिएटरमधल्या वायूची निळ्या द्रावाने चाचणी घ्यायला सांगितले आहे. जळलेला वायू पाण्यात मिसळत असेल तर तो द्राव पिवळा पडतो. दोष नक्की झाला तरच इंजिन उघडायचे. मग हेड सपाट आहे का ते मशीनशॉपमध्ये तपासून घ्यावे लागेल, कारण उष्णतेने वाकलेल्या हेडवर नवी गॅस्केट टिकत नाही. शिवाय गाडी मुळात का तापली, म्हणजे थर्मोस्टॅट, पंखा आणि वॉटर पंप, हेही पाहायलाच हवे. गळती थांबवणारे औषध ओतून चालवू, असे कोणी म्हटले तर बाबा, हो म्हणू नका. मला फोन करा. खर्च माझा, त्यावर वाद नको.

आई, चावी देवघराच्या खणात ठेव आणि बाबांनी मागितली तरी देऊ नकोस.

तुमची,
बाय