वस्ताद, तुमची चाळिशी

वस्ताद, सा. न.

तुम्हाला हे पत्र आवडणार नाही, मला माहीत आहे. क्रेन चालवण्याचं प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी पेढे घेऊन आलो, तर तुम्ही एक पेढा तोंडात टाकलात आणि "उद्यापासून कुठे लागतोयस?" एवढंच विचारलंत. आभाराचा शब्द काढू दिला नाहीत. म्हणून आता चार लोकांदेखत लिहितो. इथे तुम्ही मला मध्येच तोडू शकत नाही.

जुम्मादादा व्यायाम मंदिराचं हे गाव. बडोद्यात "वस्ताद" ही हाक ऊठसूट कुणालाही मारत नाहीत. मी आजवर दोघांनाच मारली. एक लहानपणी मल्लखांबाखाली हात धरून उभे राहणारे, आणि दुसरे तुम्ही.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझी 14 वर्षं हायड्रा, म्हणजे माल उचलून चालणारी छोटी क्रेन, चालवण्यात गेली होती. त्याआधी खलाशी होतो. मालाला स्लिंगचे पट्टे बांध, शॅकलची कडी लाव, मालाला दोरी धरून गाडीबरोबर चाल. एकदा ऑपरेटर आला नाही आणि शेठ गुजरातीत म्हणाले, "तू बेस, चालशे." म्हणजे बस, चालेल. ते "चालशे" पुढे 14 वर्षं चाललं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी वसाहतीत मी काय काय उचललं नसेल! 14 टनी गाडी म्हणजे ती कुठेही, कशीही 14 टन उचलणार, असाच माझा समज होता. तो आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, अगदी आखूड आणि माल गाडीच्या नाकाशी असतानाचा, बूम बाहेर काढत जावं तसा तो भराभर उतरतो, गाडीची मान वळवली की आणखी उतरतो, हे मला कुणी सांगितलं नाही. मागची चाकं हलकी झाली की पोटात गोळा यायचा. किती लांबवर किती उचलायचं हे सांगणारा लोड चार्ट असतो. तो गोळा हाच माझा लोड चार्ट.

मग दिवस बदलले. बुलेट ट्रेनचं काम गावातून जाऊ लागलं. 40 मीटर लांबीचा, 970 टनांचा एकेक गर्डर खांबांवर चढताना बघायला लोक रस्त्यात गाड्या थांबवायचे. मोठ्या साइटच्या फाटकावर आता अनुभव कुणी विचारत नव्हतं. कागद दाखव, म्हणायचे.

कागदासाठी मी आधी जिथे गेलो त्या संस्थेचं नाव घेत नाही. पण नावाशिवाय जेवढं सांगता येतं तेवढं सांगतोच. बायकोच्या दोन बांगड्या मोडून फी भरली. 3 आठवड्यांच्या शिक्षणात क्रेनवर बसलो एकूण 20 मिनिटं, त्यातली निम्मी फोटोसाठी. बाकी वेळ पडद्यावर व्हिडिओ आणि शिकवणाऱ्याचा फोन. भिंतीवर सयाजीरावांची तसबीर, तिला हार. ज्या महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं, हातानं काम करणाऱ्याला त्यामागचं शास्त्र कळावं म्हणून काढलं, त्यांच्या डोळ्यांदेखत हा धंदा.

आणि तो वैद्यकीय तपासणीचा फॉर्म! क्रेन चालवणाऱ्याची नजर, रंगांची ओळख, कान, सगळं तपासायचं असतं. बांधकाम मजुरांच्या 1998 च्या केंद्रीय नियमांतच ते होतं. आमच्या वर्गात फॉर्मचा गठ्ठा आला तो सही-शिक्क्यासकट. "दृष्टी: सामान्य." डॉक्टरांचं तोंडही आम्ही पाहिलं नाही. तिथला मास्तर मला सगळ्यांसमोर "ढ" म्हणायचा, कारण चार्टवरचा आकडा विचारला की मी गप्प बसायचो. शेवटी मिळालेलं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र साइटवरच्या सेफ्टी ऑफिसरनं दोन बोटांत धरून परत दिलं. त्याचं काही चुकलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. तुम्ही ती केव्हाच विसरला असाल.

तुमच्याकडचा तिसरा का चौथा दिवस. मोठी टेलिस्कोपिक क्रेन, केबिनमध्ये मी, पायरीवर तुम्ही, खाली पाच पोरं माझ्यापेक्षा निम्म्या वयाची. तुम्ही म्हणालात, "9 मीटरची ओळ वाच." मी माझी ठरलेली युक्ती काढली. "मला इंग्रजी येत नाही हो." वस्ताद, मी दहावी पास आहे. आकड्यांना कसलं आलंय इंग्रजी! पण लांबचा हुक, लांबचा सिग्नलवाला लख्ख दिसणाऱ्या माणसाला हातभर अंतरावरचे आकडे मुंग्यांसारखे दिसतात, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? बायको वर्षभर म्हणत होती, पेपर वाचताना तुमचा हात पुरत नाही. मी तिलाच ओरडायचो.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मान मागे नेऊन डोळे बारीक करणारा माणूस तुम्ही ओळखलात. पण त्याबद्दल अक्षर बोलला नाहीत. खालच्या पोरांना म्हणालात, "जा रे, चारही जॅकखालच्या पाट्या बघून या, एकेकीला हात लावून." क्रेन ज्या चार पायांवर टेकते त्या जॅककडे पोरं पांगली. मग तुम्ही गळ्यातल्या काळ्या दोरीसकट आपला चष्मा डोक्यावरून काढलात आणि माझ्या गळ्यात घातलात. "लाव. आता वाच."

एवढंच.

मुंग्यांचे आकडे झाले. मी ओळ वाचली. पोरं परत आली तेव्हा मी चष्मा लावून मोठ्यानं वाचत होतो आणि तुम्ही चार्टकडे न बघता मान डोलावत होता. नुसत्या डोळ्यांना तो तुम्हालाही दिसत नव्हता, हे मला नंतर कळलं. तुम्हाला तो पाठ होता. तरीही दर उचलीआधी तुम्ही वाचायचात. "पाठ असलेलं माणूस आपल्याला पाहिजे तसं म्हणतो," हे तुमचं वाक्य.

त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. चार्टमधली ती जाड रेघ मला शोभेची वाटायची. तुम्ही सांगितलंत, रेघेच्या वरचे आकडे क्रेनच्या लोखंडाच्या ताकदीचे, खालचे तोलाचे. खाली चुकलास तर क्रेन उलटायला लागेल, मागचे जॅक उचलले जाऊन निदान कळवतील. वर चुकलास तर काहीतरी मोडेल, आणि लोखंड मोडण्याआधी आवाज देईलच असं नाही. पोटातल्या गोळ्यावर 14 वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगावर तेव्हा काटा आला. म्हणजे गोळा यायच्या आतच खेळ संपला असता अशा जागा होत्या!

हुकाचं, स्लिंगचं वजनही मालात धरायचं, हे तेव्हा कळलं. आणि स्लिंगचा कोन. 2 टनांचा माल दोन पायांच्या स्लिंगवर घेतला, पाय जमिनीशी 60 अंशात असले तर एकेकावर 1.15 टनांच्या आसपास ताण. तेच पाय फाकवून 30 अंशांवर आणले की एकेकावर पुरते 2 टन. माल तोच, हुक तोच. खलाशी असताना उंची कमी पडली की मीच पाय फाकवून बांधायचो. आठवलं की अजून हात गार पडतात.

बाकी परीक्षा, कागदपत्रं वगैरे झालं ते झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते त्याच वर्षीचं, 2024 चं. ऑगस्टात विश्वामित्री नदी गावात शिरली होती, मगरी रस्त्यावर आल्या होत्या. पाणी ओसरून महिना झाला तेव्हा एका साइटवर क्रेन लावायची होती. जमीन वरून कोरडी, पांढरी पडलेली. मी पहार खुपसली तर हातभर आत चिखल. जॅकखाली घालायला लाकडी स्लीपर मागितले. सुपरवायझर म्हणाला, "चालशे." मी चष्मा लावला, चार्ट उघडला आणि केबिनमध्ये बसून राहिलो. त्यानं फोन केले, शिव्या दिल्या, पोटापाण्याची आठवण करून दिली. दोन तासांनी स्लीपर आले. माल उचलला, ठेवला, काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून ही गोष्ट कुणी सांगणार नाही. निदान तुम्हाला कळावी.

चांगली माणसं कमी झालीत असं आमच्या चहाच्या टपरीवर रोज ठरतं. मी वाद घालत नाही. पण दुसऱ्याचं उणं दिसल्यावर ते आधी झाकायचं आणि मग भरून काढायचं, हे करणारा माणूस मी पाहिलाय. समोरच्याची मान खाली जाऊ नये म्हणून पाच पोरांना जॅक बघायला पाठवणारा. जॅक तर आम्ही सकाळीच तपासले होते, वस्ताद.

माझा चष्मा आता रावपुऱ्यातून केलेला आहे, नुसता वाचायचा. दुहेरी काचेचा घेऊन शिडी उतरू नकोस, पायरी फसवते, हे तुम्ही बजावलं होतं. बायकोला तुमचं नाव पाठ झालंय. तिच्या हातची सेवउसळ खायला एकदा या. तिखट सोसत नाही ही सबब चालणार नाही.

आणि एक कबुली. चष्मा मी तुम्हाला परत केला तेव्हा त्याला नवी दोरी लावून दिली होती, आठवतं? जुनी तुटली, असं सांगितलं होतं. ती तुटली नव्हती. माझ्या चष्म्याला आहे. मागितलीत तरी देणार नाही.

तुमचा,
चाळिशी लागलेला विद्यार्थी