चिन्मयचं म्हणणं ऐकून घे

पुणे, रविवार

प्रिय शिऱ्या,

चिन्मयने तुला कळवलं नसणारच, म्हणून मी लिहितो. तू हौसेने पैसे पाठवून त्याला 'मोर्डहाऊ', तो मध्ययुगीन तलवारबाजीचा ऑनलाइन गेम, घ्यायला लावलास, आणि तो आता ते परत करायच्या बेतात आहे. स्टीमचा, म्हणजे जिथून गेम घेतला त्या ऑनलाइन दुकानाचा, परतीचा नियम तुला पाठ आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी. म्हणून पठ्ठ्या गेम उघडतच नाही, उरलेली मिनिटं जपून ठेवतोय.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "पिंगच्या नावाने रडू नकोस" म्हणतोस (पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि विषय मिटतो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. बाकी आम्ही बरे. आईचा गुडघा आहे तसाच, माझं पित्तही.

चिन्मयच्या तक्रारी दोन. वेळेवर अडवलं तरी वार लागतो, ही पहिली. आणि "दादा, असा वार कुणी करतच नाही," ही दुसरी. दुसरीला तू हसशील. पण तो मुलगा इतकी वर्षं पट्टा फिरवतोय, त्याचं ऐक जरा. पट्ट्याची मूठ हात झाकणाऱ्या लोखंडी आवरणात असते, मनगट वळत नाही, सगळा जोर खांद्यातून आणि पायांतून येतो. सुटलेलं पातं वाटेत रेंगाळलं तर जोर गेला, आणि समोरचा काही पाहुणा म्हणून उभा नसतो.

मोर्डहाऊत नेमकं रेंगाळण्याचंच बक्षीस मिळतं. वाराचे तीन टप्पे: विंडअप म्हणजे शस्त्र उगारणं, रिलीज म्हणजे वार सुटणं, रिकव्हरी म्हणजे पुन्हा सावरणं. रिलीजमध्ये पातं ठरावीक वेळ 'जिवंत' असतं, तेवढ्यात ते जिथे टेकेल तिथे वार लागला. त्या वेळात वाराच्याच दिशेने माऊस फिरवला की पातं लवकर पोचतं, तो ॲक्सेल. उलट दिशेने अंग वळवलं, एक पाऊल मागे घेतलं, की तेच पातं अगदी शेवटी टेकतं, तो ड्रॅग. विंडअप मात्र दोन्हीला सारखाच दिसतो. आता बचाव बघ. ढाल नसेल तर पॅरी, म्हणजे शस्त्राने वार अडवणं, दाबून धरता येत नाही. दाबली की क्षणभर टिकते, सुटली की पुन्हा लागायला वेळ घेते. ड्रॅगवाला त्याच फटीत मारतो. चिन्मयला आखाड्यात शिकवलंय की खांदा हलला की वार आला. इथे खांदा बघून पॅरी केली की मेलास. नजर पात्याच्या टोकावर ठेवायची आणि टोक अंगाशी येईपर्यंत कळ सोसायची. हे ट्युटोरियल संपवल्यावरही नवख्याला उमगत नाही, कारण तिथे बटणं शिकवतात, थांबायला नाही.

माझा खरा राग गेममधल्या डावांच्या किमतीवर आहे. फेंट, म्हणजे उगारलेला वार मध्येच सोडून हूल देणं, केला तर स्टॅमिना जातो, वार हुकला तरी जातो. स्टॅमिना संपलेला असताना पॅरी केली तर हातातलं शस्त्रच गळून पडतं. हा हिशोब फार सुंदर आहे, मी कधी नाकारला नाही. मग अंग पिळून वार लांबवण्याला वेगळी किंमत का नाही? घाव किती बसणार हे शस्त्र, अवयव आणि चिलखत यांवर ठरतं, पात्याच्या वेगावर नाही. म्हणजे ताकदीने घातलेला घाव आणि ओढत आणलेलं पातं, दोन्हीचा भाव एकच. वळण्याच्या वेगाला त्यांनी मर्यादा घातली आहे, कबूल. २०१२ च्या 'शिव्हलरी' या तशाच गेममध्ये लोक पाठ फिरवून गिरक्या घेत मारायचे, त्या मानाने हे सोवळंच. (आणि हो, तू तेव्हा करायचास ती कला नव्हती. पक्याचंही हेच मत आहे, विचार त्याला.)

आता तुझा नावडता विषय. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायलाच २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. विंडअप धर अर्ध्या सेकंदाच्या आगेमागे. पुण्याहून युरोपातल्या सर्व्हरवर गेलं की १५० च्या आसपास पिंग. चिन्मयला वार उशिरा दिसतो, त्याची पॅरी उशिरा पोचते, दोन्ही मिळून हे १५० त्याच अर्ध्या सेकंदातून वजा होतात. हात हलवायचा वेळ काढला की उरले जेमतेम शंभर-दीडशे. एवढ्यात ओळखायचं की हा खरा वार, की फेंट, की कापता कापता भोसकण्यात बदललेला मॉर्फ. म्हणजे जुगारच. तू स्टुटगार्टात बसून तोच गेम शांतपणे वाचतोस आणि वर आम्हाला कौशल्याबद्दल ऐकवतोस! लेका, तुझं निम्मं कौशल्य तुझ्या पत्त्यात आहे. जवळच्या सर्व्हरवर हा प्रश्न बराच हलका होतो, पण तिथे माणसं हवीत ना. २०१९ च्या एप्रिलअखेर गेम आला तेव्हाची गर्दी आता कुठली? जे उरलेत ते मुरलेले, आणि नवखा थेट त्यांच्या पुढ्यात.

म्हणूनच ते २ तास मला खुपतात. या गेमचे पहिले २ तास सर्वांत वाईट असतात. ६४ जणांच्या रणात बाण कुठून आला कळत नाही, घोडेस्वार भाला रोखून येतो आणि एका फटक्यात आटपतो, आपल्याच माणसाने फेकलेल्या आगीत आपण भाजतो. तलवारबाजी कशी आहे हे कळण्याआधी परतीची मुदत संपते.

चिन्मयला सांगितलंय ते तुलाही सांगतो, म्हणजे दोघांकडून दोन सल्ले नकोत. मोठ्या रणात जाऊच नकोस. आधी लोकल मॅचमध्ये एकच बॉट, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो खेळाडू, घेऊन फक्त पॅरी कर, उलटा वार करायचाच नाही. त्याने टोकाकडे बघायची सवय लागते. मग ड्युएल सर्व्हर, जिथे एकास एक लढतात. लोडआउटच्या, म्हणजे शस्त्र-चिलखत निवडायला मिळणाऱ्या, १६ गुणांत लाँगस्वोर्ड आणि उरलेल्याचं चिलखत. ढाल नको, तिच्यामागे दडून बसायची खोड लागते. अंतर नेहमी पात्याच्या लांबीच्या जरा बाहेर: ॲक्सेल आला तर पाऊल मागे, त्याचा वार हुकेल आणि स्टॅमिना त्याचा जाईल. ड्रॅग लांबतोय असं दिसलं की पॅरी राखून ठेव. चेंबर, म्हणजे वार लागण्याच्या क्षणी तसाच वार सामोरा करून तो अडवणं, पहिल्या महिन्यात विसर. जास्त पिंगवर ते नशिबावर असतं. आणि चॅट बंद, सगळ्यात आधी. तिथली भाषा काकूंच्या कानावर पडली तर लॅपटॉप खिडकीतून खाली.

तरी नाही जमलं तर पैसे परत घेऊन त्याने 'शिव्हलरी २' घ्यावा. तिथे बचाव दाबून धरता येतो, त्यामुळे पिंगचा मार कमी बसतो, आणि हात तुटलेला माणूस ओरडत लढत राहतो, हे चिन्मयला नक्की आवडेल. खोली कमी आहे, मान्य. पण खोली बुडण्यासाठी असते का? 'फॉर ऑनर' सुचवू नकोस. तीन दिशांची ती पद्धत हुशारीची आहे, पण सुरुवातीला वार करणाऱ्यालाच इतका दंड होता की दोघेही समोरच्याची वाट बघत उभे. २०१८ पर्यंत स्वतंत्र सर्व्हरही नव्हते, खेळाडूंच्याच जोडण्यांवर सामने चालायचे. पुढे बरंच सुधारलं, पण माझं मन काही बसलं नाही.

त्याची मुदत बुधवारी संपते. फोन कर, पण त्याला खेळायला लावू नकोस, विचार फक्त.

तुझ्या नव्या जागेचं काय झालं? तळघरातली ओल गेली? ओवीला पाळणाघरात जागा मिळाली का, गौरीची जर्मनची परीक्षा कधी? सगळं एकदम लिही. काकूंनी थालीपिठाची भाजणी दिलीय, ती पार्सलने पाठवतो. फॉर्मवर नुसतं 'पीठ' लिहिणार आहे, कुणी विचारलं तर तुझं तू निस्तर.

तुझा,
अव्या