मंत्रिमहोदय, शॉकअपचं बिल सोबत जोडलं आहे

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

डाव्या हातानं टाइप करतोय, काना-मात्रा सांभाळून घ्या. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

गेल्या महिन्यात आपण आमच्या तालुक्यात भूमिपूजनाला आलात. ताफ्याला दणका बसू नये म्हणून आदल्या रात्री शाळेसमोरचा गतिरोधक उखडला गेला. "दिवाळीआधी हा रस्ता आरशासारखा करतो," असं आपण भाषणात म्हणालात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आपण गेलात आणि चौथ्या दिवशी गतिरोधक परत आला, आधीपेक्षा दांडगा. पट्टे नाहीत, पाटी नाही. आरसा मात्र अजून यायचाय.

मी मोटारसायकलवरून दुकानांना अंडी पोचवतो. मागे सहा ट्रे, १८० अंडी. शॉकअप म्हणजे काय ते अंडीवाल्याला विचारा! स्प्रिंग दणका झेलते, पण तिला आवरतं ते आतलं तेल. बारीक भोकांतून ते दाबलं जातं म्हणून गाडी एका खड्ड्यानंतर चार उड्या मारत नाही. तेल धरून ठेवतं एक रबरी सील. आपल्या उखडलेल्या रस्त्याची धूळ पुढच्या शॉकअपच्या नळीवर बसते, सीलची कड खाते आणि तेल खाली ओघळायला लागतं. आमचा मिस्त्री पावसाळ्याआधीच सीलांचं पाकीट आणून ठेवतो. त्याचा हवामान अंदाज कधी चुकत नाही.

माझं सील आठ दिवस गळत होतं, हे कबूल. धंदा बुडवून गॅरेजला कोण जातो? सोमवारी पहाटे अंधारात तो बिनपट्ट्यांचा उंचवटा दिसला तेव्हा पुढचा ब्रेक दाबला. गळलेलं तेल पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या चकतीवर उतरलं होतं. ब्रेक लागलाच नाही.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या निकषात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चाक चढतं आणि उतरतं. आमचा पुतण्यानं टेपनं मोजला: २२ सेंटिमीटर उंच आणि रुंदी जेमतेम दीड फूट. एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे असेल, पण याला आम्ही बांध म्हणतो. त्याच्यावर बलकाचा पिवळा ओघळ वाळलाय. आजवर तिथं झालेलं रंगकाम तेवढंच.

घरापासून बाजारापर्यंत अकरा किलोमीटर. एकदा खड्डे मोजले, दोनशे बारापर्यंत आलो आणि तेवढ्यात एक समोरच आला. रोज दोन खेपा, वर्षाचे तीनशे दिवस. गुणाकार आपले अधिकारी करतील, त्यांना आकडे फुगवायची सवय आहे. गाडी घेताना रस्त्याचा कर एकरकमी भरला. सीलवर १८ टक्के जीएसटी भरला. म्हणजे रस्त्याचेही पैसे मीच दिले आणि रस्ता नसल्याचेही मीच! ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी नावाचा प्रकार असतो म्हणे, म्हणजे तेवढ्या काळात काम बिघडलं तर त्यानंच स्वखर्चानं दुरुस्त करायचं. माझ्या मनगटाचा तसा काही आहे का?

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं. मी पडलो ते गतिरोधकावर. तो खड्ड्यात धरायचा की नाही, यावर तुमचं खातं समिती नेमेल. समिती विश्रामगृहावर उतरेल, मटण खाईल. त्या गाड्यांचे शॉकअप सरकारी, त्यांना काय जाणवणार!

रागानं विषय भलतीकडे गेला. मागणं एवढंच: गतिरोधक निकषात बसवा, पट्टे मारा, आणि दोन्ही सील, तेल, ब्रेकपॅड मिळून १,६४० रुपये द्या. अंडी सोडून दिली.

बिलाची झेरॉक्स जोडली आहे. मूळ प्रत माझ्याकडेच ठेवतो, कारण माझे मागचे दोन्ही अर्ज कार्यालयात "मिळून येत नाहीत".

आपला,
एक अंडीवाला