अकरावीत अडते ते भाषेपाशी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांत गुणवंतांची छायाचित्रे येतात, पाठोपाठ प्रवेशाच्या फेऱ्या, कटऑफ आणि रिक्त जागा यांच्या बातम्या येतात, आणि प्रवेश आटोपले की हा विषय पुढच्या परीक्षेपर्यंत मागे पडतो. कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. विद्यार्थ्यांची खरी ओढाताण प्रवेश मिळाल्यानंतर, कॉलेज सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंतच्या काळात होते, आणि त्या काळाविषयी बहुतेकांना आधी कोणी काही सांगितलेले नसते, हे मी दरवर्षी पाहत आले. यंदा अकरावीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलामुलींसाठी, विशेषतः मराठी माध्यमातून इंग्रजीत शिकवल्या जाणाऱ्या विज्ञान शाखेकडे वळणाऱ्यांसाठी, हे पत्र लिहीत आहे.

सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक प्रसंग सांगते. पन्हाळा तालुक्यातला एक मुलगा शिक्षणासाठी मामाकडे राहत होता आणि सुट्टीत उद्यमनगरातल्या एका लेथच्या शेडमध्ये काम करत होता. पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी व्हर्निअर कॅलिपर हे बारीक मापे घेण्याचे उपकरण हातात दिले, तेव्हा बाकीची मुले दोन पट्ट्यांवरच्या रेघांमध्ये चाचपडत होती आणि याने माझे सांगून होण्याआधीच माप वाचून दाखवले. त्यात नवल नव्हते, कारण शेडमधले त्याचे व्हर्निअर 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचायचे आणि आमच्या प्रयोगशाळेतले 0.1 मिलिमीटरपर्यंतच. पण जर्नल तपासताना मी त्याला ‘लीस्ट काउंट’ची, म्हणजे उपकरणाने मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापाची, व्याख्या इंग्रजीत विचारली आणि तो मान खाली घालून उभा राहिला. जर्नलची पानेही कोरी होती. मी त्यावर ‘अभ्यास नाही’ असा शेरा मारला. चाचणीत त्याला 25 पैकी 4 गुण पडले, दिवाळीनंतर तो वर्गात दिसेनासा झाला, आणि नंतर कळले की दाखला काढून त्याने आयटीआयला प्रवेश घेतला. आयटीआयची वाट कमी प्रतीची आहे असे मी मुळीच मानत नाही, परंतु ती त्याने निवडलेली नव्हती. माझ्या वर्गाने त्याला तिकडे ढकलले होते. त्या मुलाला माप कळत होते, यंत्र कळत होते, आणि तरीही ‘अभ्यास नाही’ हे शब्द मी लिहिले, ही बोच मला आजही आहे.

त्यानंतर मी दरवर्षी पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका वेगळ्या नजरेने तपासू लागले. मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीपर्यंत त्वरण, संवेग, विस्थापन, मुक्तिवेग, अप्रकट उष्मा, विशिष्ट उष्माधारकता या संकल्पना नीट शिकवलेल्या असतात. अकरावीत शिक्षक ‘अ‍ॅक्सिलरेशन’ म्हणतात, तेव्हा आपण जे वर्षभर त्वरण म्हणून शिकलो तेच हे, हा दुवा कोणी जुळवून देत नाही, आणि ओळखीची गोष्ट अनोळखी वाटू लागते. मात्र पारिभाषिक शब्दांचा अडसर महिना-दीड महिन्यात ओसरतो, कारण ते मोजके असतात आणि पुन्हा पुन्हा कानावर पडतात. त्याहून जास्त काळ छळतात ते इंग्रजीतले साधे, छोटे शब्द, जे कोणत्याही शब्दसूचीत सापडत नाहीत. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमे, ‘नेग्लेक्टिंग’ म्हणजे विचारात न घेता, ‘हेन्स’ म्हणजे यावरून, ‘विथ रिस्पेक्ट टू’ म्हणजे अमक्याच्या संदर्भात, हे ठाऊक नसल्यामुळे गणित येत असूनही ते सोडून देणारी कितीतरी मुले मी पाहिली आहेत. शिवाय रोजच्या वापरातले काही शब्द विज्ञानात निराळाच अर्थ धारण करतात. ‘नॉर्मल’ म्हणजे पृष्ठभागाला काढलेला लंब आणि ‘मोमेंट’ म्हणजे आघूर्ण, अर्थात बलाचा फिरवणारा परिणाम, हे न सांगता पुढे गेले तर विद्यार्थी शब्दकोशातला अर्थ लावत बसतो आणि वाक्य त्याच्या हातून निसटते.

यावर एक उपाय आहे, त्याला पैसे लागत नाहीत आणि तो निकालाची वाट न पाहता सुट्टीतच सुरू करता येतो. बालभारतीचे दहावीचे विज्ञान आणि तंत्रज्ञान मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत आहे. धडे तेच, क्रम तोच, आकृत्याही त्याच. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून दोन्ही पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. जो धडा मराठीतून पाठ झाला आहे, तोच इंग्रजी पुस्तकातून वाचायला घ्यावा. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे सारे लक्ष भाषेवर देता येते, आणि हे सुख अकरावीचे नवे पुस्तक कधीच देणार नाही. रोज दोन पाने मोठ्याने वाचावीत, अडलेला शब्द वहीत उतरवावा आणि त्याचा नुसता अर्थ न लिहिता तो ज्या वाक्यात आला ते संपूर्ण वाक्य लिहावे. नववीचे पुस्तकही असेच वाचता आले तर उत्तम, कारण गतीचे नियम तेथे आहेत आणि अकरावीचे भौतिकशास्त्र त्यांच्यावरच उभे राहते. गणिताच्या मुलांनी वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी, गुणोत्तर, स्पर्शिका या शब्दांची इंग्रजी रूपे याच रीतीने पक्की करावीत.

वैद्यकीय प्रवेशाची नीट आणि अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात, मग इंग्रजीचा इतका बाऊ कशाला, असे काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि मराठीतून ही सोय झाली याचा मला आनंदच आहे. परंतु वर्गातले शिकवणे, पाठ्यपुस्तके आणि बाजारातले बहुतेक सराव साहित्य इंग्रजीत असताना केवळ परीक्षा मराठीतून देणे किती अवघड आहे, हे तशी परीक्षा देणाऱ्या मुलालाच विचारावे. उलट घरी पहिले दोन-तीन महिने प्रत्येक संकल्पना स्वतःला मराठीत समजावून सांगण्यात काहीही कमीपणा नाही. विचार मराठीत आणि मांडणी इंग्रजीत ही कसरत सुरुवातीला सगळ्यांनाच करावी लागते.

दुसरी गोष्ट अकरावी या वर्षाविषयी. दहावीत फार कष्ट झाले, बारावीत पुन्हा व्हायचे आहेत, तेव्हा मधले वर्ष जरा मोकळे जाऊ द्यावे, अशी समजूत घराघरांत आहे आणि ती विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे मोठे नुकसान करते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत सुमारे 20 टक्के भाग अकरावीचा असतो, तर नीट आणि जेईईला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पण परीक्षेपेक्षाही महत्त्वाचे कारण असे की अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसऱ्याच प्रकरणात सदिश (व्हेक्टर) आणि कलनशास्त्राची (कॅल्क्युलस) तोंडओळख येते, गणिताच्या दुसऱ्या भागात सीमा (लिमिट) आणि विकलन (डिफरन्सिएशन) येते, आणि बारावीतले शिक्षक हे सारे येते असे गृहीत धरून पुढे जातात. बारावीच्या ऑगस्टमध्ये रडवेली होऊन माझ्याकडे येणारी बहुतेक मुले बारावीत नव्हे, तर अकरावीच्या याच दोन-तीन प्रकरणांत अडलेली असत.

शाळेत वर्गशिक्षक असतात, वही पूर्ण नसेल तर घरी निरोप जातो, उत्तरे फळ्यावर लिहून दिली जातात. कॉलेजात शंभराच्या आसपास मुलांच्या तुकडीत शिक्षकांना जुलैअखेर नावेही पाठ झालेली नसतात, आणि तुम्ही गप्प बसलात तर तुमचे अडले आहे हे त्यांना कळण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून पहिल्या महिन्यातच, धीर करून, तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन एक तरी शंका विचारावी, आणि ती मराठीत विचारावी. भर वर्गात उठून उभे राहण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. स्टाफरूमच्या दारात ती निम्मी होते. वही-पुस्तक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलाला परत पाठवणारा शिक्षक मी तरी क्वचितच पाहिला. प्रात्यक्षिकाची जर्नल त्याच आठवड्यात, स्वतःच्या वाक्यांत लिहावी, कारण बारावीत विज्ञानाच्या प्रत्येक विषयाला 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि दुसऱ्याची जर्नल उतरवणाऱ्याला तोंडी परीक्षेत ते चटकन नडते. केवळ नावापुरता कॉलेजात प्रवेश घेऊन दिवसभर खासगी क्लासमध्ये बसण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यात तर प्रयोगशाळा मुलांच्या आयुष्यातून जवळपास वजाच होते. क्लास लावू नये असे मी म्हणत नाही, पण तो प्रयोगशाळेच्या जागी लावू नये.

आपल्या जिल्ह्यातली एक अडचण पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांच्या ध्यानात येणार नाही. अकरावीचे वर्ग सुरू होतात तेव्हा येथे मुसळधार पाऊस असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली की गगनबावड्याकडील रस्ता पाण्याखाली जातो, इतर मार्गांवरील एसटीही बेभरवशाच्या होतात, आणि तिकडची मुले ऐन पायाभरणीच्या दिवसांत आठ-आठ, दहा-दहा दिवस घरी अडकतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांत तर शहरातलीच मुले अडकली होती. अशा विद्यार्थ्यांनी पहिल्याच आठवड्यात शहरात राहणारा एखादा मित्र वा मैत्रीण जोडून ठेवावी, जी रोजच्या वहीची छायाचित्रे पाठवील, आणि पाणी ओसरून परतल्यावर अभ्यासाचा बुडालेला भाग कोणता, हे शिक्षकांना स्वतःहून सांगावे. 2025-26 पासून अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया राज्यभर एकच झाली असून तीत दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. ते भरताना केवळ कॉलेजचे नाव पाहू नये, घरापासून वर्गापर्यंत पोहोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो हेही पाहावे. गगनबावड्याहून रोज 55 किलोमीटर येऊन तितकेच परत जाणाऱ्या मुलीच्या हाती अभ्यासाला काय उरते, याचा हिशेब पालकांनी आधी करावा. जवळचे, कमी गाजलेले कॉलेज पुष्कळदा अधिक लाभाचे ठरते. खेड्यातल्या मुलाचे अडते ते बुद्धीपाशी नव्हे, राहण्या-जेवण्यापाशी, हे ओळखूनच राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून या शहरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. वसतिगृहात प्रवेश हवा असेल तर चौकशी कॉलेज सुरू होण्याची वाट न पाहता करावी.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. ज्यांना बारावीनंतर राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे आहे, त्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव वेळेत कॉलेजमार्फत दाखल करावा. दरवर्षी प्रवेशाच्या तोंडावर जात पडताळणी समितीच्या कार्यालयात लागणाऱ्या रांगा पाहून वाईट वाटते.

आणि शाखेविषयी पालकांना हात जोडून विनंती आहे. गुण चांगले पडले म्हणून विज्ञान, हा न्याय मुलाला विचारल्याशिवाय लावू नये. कला किंवा वाणिज्य शाखेत मन रमेल असे मूल विज्ञानात कुढत बसलेले मी पाहिले आहे, आणि चूक उमगल्यावर शाखा बदलायची मुदत निघून गेलेलीही पाहिली आहे. पहिल्या महिन्यात मूल घरी काय बोलते, विशेषतः काय बोलायचे टाळते, इकडे लक्ष असावे. गणिताचा ताण आणि गणिताची नावड यांतला फरक आईवडिलांना शिक्षकांच्या आधी कळतो.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच सुचवायचे आहे. अकरावीच्या पहिल्या पंधरवड्यात फळ्यावर प्रत्येक पारिभाषिक शब्द इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही रूपांत लिहावा. लेथच्या शेडमधल्या त्या मुलानंतर मी हे सेवानिवृत्तीपर्यंत केले. त्यात तासाची पाच मिनिटे जात, पण अभ्यासक्रम कधी अपुरा राहिला नाही, आणि मागच्या बाकांवरून येणाऱ्या शंका ऑगस्टपासून वाढत. दहावीच्या शिक्षकांनीही निरोप समारंभाच्या दिवशी मुलांच्या हाती आपल्या विषयाच्या शब्दांचे एक पान दिले, तर ते कोणत्याही भेटवस्तूहून जास्त उपयोगी पडेल.

आपल्या दैनिकाला विनंती अशी की मे आणि जून या दोन महिन्यांत रोज दहा शब्द, त्यांचे मराठी रूप आणि वापराचे एकेक वाक्य एवढा मजकूर छोट्या चौकटीत छापावा. साठ दिवसांत सहाशे शब्द होतात आणि अकरावीच्या पहिल्या सत्राला ते पुरतात. भौतिकशास्त्राचे सुमारे अडीचशे शब्द माझ्याकडे वर्गवार लिहून तयार आहेत आणि ते मी कोणतेही मानधन न घेता आपल्याकडे पाठवीन. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या विषयांसाठी माझे काही निवृत्त सहकारी मदतीला तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
राजारामपुरी, कोल्हापूर