चार महिने येऊ, कायमचं नको

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सातारा सोडून कायमचं ऑस्ट्रेलियात तुमच्याकडे यावं म्हणून तू पाठवलेल्या कागदांची बाबांनी पोवई नाक्यावरून प्रिंट काढून आणली आणि पिवळ्या मार्करने निम्मी पानं रंगवून टाकली. तू फोनवर "काय ठरलं?" विचारतोस, मी "बघू" म्हणते, आणि त्याचा अर्थ तुम्ही "हो" असा घेतला आहे हे सूनबाईच्या, गौरीच्या बोलण्यातून कळलं. आमच्यासाठी तुमच्या परसात खोली बांधायला माणूस येऊन माप घेऊन गेला म्हणे. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मध्येच बोलणं तोडतोस, इथे तोडता येणार नाही.

आधी पैशाचं. कायमच्या पालक व्हिसाला माणशी ४८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास फी. डॉलर ५६ रुपयांना धरला तरी एकाचे सत्तावीस लाख, दोघांचे चोपन्न. वर आम्ही सरकारी मदत मागणार नाही याची हमी म्हणून बाबांचे १०,००० आणि माझे ४,००० डॉलर दहा वर्षं बँकेत अडकून पडणार. तू म्हणशील, पैसे मी भरतो. भरशील रे. पण रांगेचं काय? नव्या अर्जाला चौदा-पंधरा वर्षं लागतील असं तिथलं व्हिसा देणारं सरकारी खातंच सांगतं. दुसरा स्वस्तातला पालक व्हिसा आहे, त्याला तीस वर्षांहून जास्त. तिथल्या सरकारने स्थलांतराच्या धोरणाचा आढावा घ्यायला जी मंडळी नेमली होती, त्यांनीसुद्धा २०२३च्या अहवालात लिहून ठेवलंय की जो व्हिसा बहुधा कधी मिळणारच नाही त्याचा अर्ज लोकांकडून घेत राहणं हे क्रूरपणाचं आहे. हे वाचून बाबा म्हणाले, "निदान खरं बोलतात." त्यांचं म्हणणं, पहिल्या हप्त्याचे पाचेक हजार भरून नंबर तरी लावून ठेवू, मोठी रक्कम शेवटीच द्यायची असते. मी म्हटलं, तुम्ही आज एकाहत्तर. नंबर लागेल तेव्हा शहाऐंशी. आणि वैद्यकीय तपासणी तेव्हा व्हायची. स्टेंट घातलेलं हृदय घेऊन शहाऐंशीव्या वर्षी परीक्षेला बसणार का? त्यावर ते पेपर वाचू लागले.

एक गंमत मात्र त्या कागदांत सापडली. निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात असली तरच आईबाप अर्जाला पात्र, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त मुलं हवीत. तू मेलबर्नला, ताई पुण्याला, म्हणजे आपण काठावर पास. तुमच्या पाठीवर तिसरं झालं असतं आणि ते इथेच राहिलं असतं तर आपण नापास. समोरच्या काकूंची तीन मुलं तीन देशांत. त्यांना मी हे समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे मी कुठेच आई नाही का?" त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही.

राहिला तो तात्पुरता पालक व्हिसा, २०१९ पासूनचा. तीन किंवा पाच वर्षांचा, पुन्हा काढता येतो पण सगळी मिळून दहाच वर्षं. मध्ये तीन महिने देशाबाहेर जावं लागतं. मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना, नाही, खाजगी विमा घ्यायचा. काही देशांच्या लोकांना तिथल्या सरकारी दवाखान्यात परस्पर कराराने उपचार मिळतात, ब्रिटन, न्यूझीलंड, इटली वगैरे. त्या यादीत भारत नाही. आणि तिथल्या विमा कंपन्या आधीपासूनच्या दुखण्याला पहिलं वर्षभर हात लावत नाहीत. आमच्या वयाला सगळीच दुखणी आधीपासूनची.

आता मी नुसती तक्रार करतेय असं समजू नकोस. तिथलं मला काय आवडलं ते तुला नीट माहीत नाही, कारण तू दिवसभर ऑफिसात असायचास. फुटपाथ आवडले. गुडघे दुखणाऱ्या बाईला अखंड फुटपाथ म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. इथे शाहूपुरीतून राजवाड्यापर्यंत जायचं तर अर्धा रस्ता गटाराच्या झाकणांवरून. लायब्ररी आवडली, बाबा तिथे सकाळी जायचे ते जेवायलाच उगवायचे. आणि कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, तो पोहण्याचा तलाव. मला पाण्यात उतरवलं गौरीने, ते तिचे उपकार. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या बायका तिथे बिनधास्त पोहतात, कोणी वळून बघत नाही. एका सकाळी पाठीवर तरंगता आलं, कानात पाणी, वर पत्र्याचं छप्पर, गुडघ्यावर काहीच भार नाही. साताऱ्यात मी हे करीन का? नाही करणार. चार ओळखीचे भेटतील, "मॅडम, तुम्ही?" म्हणतील. हा एक फायदा तुझ्या बाजूला मांड. हवा, पाणी, वशिल्याशिवाय होणारी कामं, तेही मांड. नात सई तर आहेच, पण तिला मी फायद्यात धरत नाही. ती धरली तर हिशेब करायलाच नको.

नुकसान कुठलं ते सांगते. माझा गुडघा दाखवायला तू अर्धा दिवस रजा काढून नेलंस ना? डॉक्टरबाई माझ्याकडे बघून विचारत होती, कधीपासून दुखतंय. तू सांगितलंस, दोन महिने. मी उघडलेलं तोंड मिटलं. दोन महिने तुला कळल्याला झाले होते, दुखत त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. मग गोळ्यांची माहिती तिने तुला दिली, पुढची तारीख तुला दिली, पैसे तू भरलेस. यात तुझं काही चुकलं नाही रे. इंग्रजी मलाही येतं, पण त्यांचे उच्चार दोनदा ऐकावे लागतात आणि तेवढा वेळ तुझ्याकडे नसतो. तुमच्या घरून, टार्नीटहून, कुठेही जायचं तर बस येईपर्यंत थांबा, नाहीतर तू मोकळा होईपर्यंत. भाजी तू आणणार, सिमकार्ड तुझ्या नावावर, घराची किल्ली तुझी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पन्नास-पन्नास पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई मी. तिथे मी तुझ्या घरातली एक वस्तू होऊन बसते, जपून ठेवलेली, पण वस्तूच. इथे पेन्शन माझ्या खात्यात येते, गॅसवाला मला ओळखतो, औषधवाला फोनवर गोळ्या पाठवतो आणि चुकीच्या पाठवल्या तर मी त्याला झापू शकते. म्हातारपणी माणसाला हे झापण्याचं स्वातंत्र्य फार लागतं. ते पाहुण्याला नसतं, आणि परक्याला तर नाहीच.

बाबांचंही बघ. तुला ते खूश वाटले, कारण ते तुझ्यापुढे खूशच दिसतात. पहिल्या खेपेला विमानतळावर कंदी पेढ्यांचा पुडा त्या साहेबाने कचऱ्यात टाकला तेव्हाच ते खट्टू झाले होते. नियम बरोबर आहे, भारतातले दुधाचे पदार्थ चालत नाहीत, आपण फॉर्मवर लिहिलं म्हणून दंड तरी झाला नाही. मग सप्टेंबरात तो मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालायला लागला आणि त्यांनी सकाळचं फिरणंच बंद केलं. पक्ष्याला कोणी बघतंय असं वाटावं म्हणून तू टोपीला मागे डोळे चिकटवायला सांगितलेस. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस टोपीला डोळे चिकटवून फिरतोय, हे चित्र त्यांना पटेना. मला मात्र पटलं होतं.

परसातल्या खोलीबद्दल. ६० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या घराला व्हिक्टोरियात आता बहुतेक ठिकाणी वेगळा प्लॅनिंग परवाना लागत नाही, हे तू कळवलंसच. आधी बांधलेलं जुनं घर विकत घ्यावं म्हटलं तर १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं परदेशी माणसाला ते घेता येत नाही, तात्पुरत्या व्हिसावाल्यालाही नाही. म्हणजे साताऱ्याचं घर विकून पैसा तुझ्या जमिनीत घालायचा, हाच तुझा मार्ग. मला तो नको. तुझ्यावर किंवा गौरीवर अविश्वास आहे म्हणून नव्हे. पण तुम्हाला उद्या सिडनीला नोकरी लागली, कर्जाचा हप्ता थकला, काही झालं, तर त्या खोलीबरोबर आमचं सगळंच विकलं जाणार. तिथल्या सरकारलाही हे ठाऊक आहे. जुलै २०२१ पासून अशा व्यवस्थेला करात सवलत दिली आहे, पण आईबाप आणि मुलामध्ये लेखी करार असेल तरच. बघ, त्यांनाही वाटतं की आई-मुलात कागद असावा. मला तुझ्याशी करार करायचा नाही, म्हणून घर विकायचं नाही. त्या माप घेणाऱ्या माणसाला नको म्हणून सांग.

इथे काय काय सुटेल तेही बाबांनी काढून ठेवलंय. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलो नाही की आयकराच्या लेखी अनिवासी होण्याची वेळ येते. मग व्याजावरचा कर कापू नये म्हणून भरतो तो फॉर्म चालत नाही, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवीन पैसे ठेवता येत नाहीत, बँकेतली खाती बदलून घ्यायची. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. तो मेलबर्नच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून देता येतो म्हणतात, पण इथे बँकेत गेलं की साहेब चहा विचारतो. मेडिक्लेम तर सोडवतच नाही. एकदा खंड पडला की या वयात नवी पॉलिसी घेऊन जुन्या दुखण्यांची तीन वर्षं वाट बघत बसा. आणि एसटीत आम्हा दोघांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीनंतर ते फुकट होतं, बाबांना त्याची फार घाई झाली आहे.

तुझा खरा प्रश्न मला कळतो. रात्री दोनला फोन वाजला तर काय, हा तो प्रश्न. त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. ताई पुण्याहून निघाली तर रात्रीच्या रिकाम्या रस्त्यानेही दोन-अडीच तास लागतात. तू कितीही घाई केलीस तरी दीड दिवस. तिथे असतो तर तू पाच मिनिटांत पोचला असतास, हे खरंच आहे आणि ते मी खोडून काढत नाही. फक्त इतकंच, त्या एका रात्रीसाठी मधले सगळे दिवस परक्या जागी काढायला माझं मन घेत नाही. बाबांच्या डॉक्टरांचा, शेजारच्यांचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर दाराच्या आत चिकटवला आहे. किल्लीचा एक जोड समोर काकूंकडे दिला आहे.

आणि दोघांतलं एक राहील तेव्हा? तेव्हाचं आज ठरवू नकोस. मी राहिले तर कदाचित मीच म्हणेन, ये न्यायला. बाबा राहिले तर त्यांना स्वयंपाक येत नाही, तेव्हा त्यांचं काय ते तुम्ही दोघं भावंडं बघालच. तात्पुरत्या व्हिसाचा मार्ग तेव्हाही असेल. फक्त तेव्हा मला विचार. तुझं आणि ताईचं ठरवून झाल्यावर मला सांगायचं, असं नको.

तर आमचं ठरलंय ते असं. पर्यटक व्हिसाच काढायचा, लांब मुदतीचा, ज्यावर अठरा महिन्यांत बारा महिने राहता येतं. तेवढे आम्हाला नकोतच. दिवाळी इथे करायची, हयातीचा दाखला द्यायचा आणि नोव्हेंबर संपताना निघायचं. तुमच्याकडे तेव्हा उन्हाळा, पावणेनऊपर्यंत उजेड, माझ्या गुडघ्यांनाही बरं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारी अखेरपर्यंत सईची शाळा बंद असते आणि तुम्ही दोघं दरवर्षी तिला कुठे ठेवायचं म्हणून धावाधाव करता, ते आम्ही बघू. तिला मराठी वाचायला शिकवणं माझ्याकडे, पाढे बाबांकडे. गुढीपाडव्याच्या आत परत. १८२ दिवसांचा प्रश्न येत नाही, पेन्शन, मेडिक्लेम, घर सगळं जागच्या जागी. बाबांच्या हृदयाचा धोका तेवढा उरतोच, विमा त्याला पुरा पडणार नाही. निघण्याआधी त्यांची तपासणी करून घेऊ आणि डॉक्टरांनी नको म्हटलं तर त्या वर्षी तुम्ही या.

तिकिटं काढशील तेव्हा सिंगापूरला मध्ये चार तास तरी राहतील अशी बघ. बाबांसाठी व्हीलचेअर मागू नकोस, त्यांना राग येतो. माझ्यासाठी माग, त्यांना ती ढकलायला आवडेल. गौरीला विचार गोडा मसाला किती आणू. आणि तलावाच्या सकाळच्या बायकांच्या वर्गात डिसेंबरपासून जागा आहे का ते आत्ताच विचारून ठेव, मागच्या वेळी भरला होता.

तुझी,
आई