नेव्हिसच्या बोटीवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटाहून शेजारचं नेव्हिस बेट एका दिवसात उरकायचं ठरवलं, तेव्हा हातात एक जुनं वेळापत्रक होतं. बासेटेरच्या धक्क्यावर पोचलो, तर आमची बोट यादीतच नाही! रांगेतल्या एका आजींनी माझ्याच कागदावर काट मारून खऱ्या वेळा लिहून दिल्या आणि दटावलं, "परतीची शेवटची बोट आधी विचार, मग हिंड." आजी, तो कागद अजून जपून ठेवलाय.

एका अमेरिकी डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर हा भाव १९७६पासून बांधलेला. तरी सुट्ट्या पैशांत मी गोंधळलोच. वहीच्या पाठीवर हिशेब मांडणाऱ्या शाळकरी मुला, शाब्बास रे!

आईला बोट लागते. खलाशीदादांनी तिला खाली, मधल्या बाकावर बसवलं. पाऊण तास ती मजेत शिखरावरचे ढग बघत होती. नेव्हिसच्या चार्ल्सटाउनला अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचं जन्मस्थान आम्ही धावतंच पाहिलं, कारण तिला गरम झऱ्यात पाय सोडून बसायचं होतं. तिथून धक्क्यापर्यंत गाडीतून सोडून पैसे न घेणाऱ्या काकांना आईने तिळाची वडी दिली. त्यांना ती आवडली म्हणे.